स्वप्नातल्या माशाचा मागोवा : पेडगावची भीमा आणि काचेतला अरोवाना

माशांच्या छंदाची एक ठरलेली चढण असते. अहिल्यानगर शहर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, सुरुवात गप्पी आणि मोलीपासून होते. पुढे गोल्डफिश, एंजल, ऑस्कर येतात. पाण्याचा पीएच, फिल्टर, हीटर यांची भाषा अंगवळणी पडते आणि मग हौशी माणूस डिस्कस, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना अशी नावं घेऊ लागतो. हे त्याचे स्वप्नातले मासे. ते परवडत नाहीत, त्यांच्यापुरती जागा घरात नसते, तरी मन त्यांच्यापाशी घोटाळतं. ही ओढ खरी असते आणि तिच्यात सौंदर्याची चांगली पारखही असते. मात्र कोणता मासा स्वप्नात यायचा हे त्या माणसाने एकट्याने ठरवलेलं नसतं. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचं एक महत्त्वाचं पान नगर जिल्ह्यातच, भीमेच्या काठावर लिहिलं गेलं.

मासा मारण्याऐवजी पाहण्यासाठी राखायचा, ही रीत आपल्याकडे काचेच्या कितीतरी आधीची. वाडा तालुक्यात तिळसे इथल्या शिवमंदिराजवळ वैतरणेच्या डोहात आणि महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडात महसीर मासे देवाचे म्हणून राखले आहेत. भाविक खाऊ टाकतात, मासे वर येतात, त्यांना कोणी धरत नाही. राजांची हौस वेगळी होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असा स्वतंत्र भागच आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचं खाणं, गळ टाकायची रीत, असं सगळं त्यात येतं. चीनमध्ये सोंग राजवटीत गोल्डफिशची पैदास बहराला आली आणि सतराव्या शतकात तो मासा युरोपात पोचला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. डोह असो, हौद असो की मातीचं कुंडं, मासा वरून पाहिला जायचा. दिसायची ती त्याची पाठ. गोल्डफिशचे जुने प्रकार निवडले गेले तेही वरून सुंदर दिसावेत म्हणून. मासा बाजूने, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर, जिवंत आणि पोहताना पाहायला मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. १८५३ मध्ये लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीने रीजंट्स पार्कमधल्या आपल्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचं ‘फिश हाउस’ उघडलं. जगातलं हे पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. त्यामागे निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस याचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षी त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचपेट्या दिसू लागल्या. आजचा प्रत्येक स्वप्नातला मासा या काचेचं अपत्य आहे. डिस्कसची ताटलीसारखी गोलाई, अरोवानाच्या खवल्यांची रांग, एखाद्या माशाच्या अंगावरचा लाल पट्टा, हे सारं बाजूनेच दिसतं.

आता भीमेकडे यायला हवं, कारण याच लंडनच्या संस्थेशी तिचं नातं फिश हाउसच्या आधीच जुळलं होतं. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातला अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. माणसं, पिकं, पाऊस यांच्या नोंदी करत फिरताना तो पक्षी आणि मासेही टिपत गेला. त्याचा दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३९ मध्ये झुऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापला गेला. त्यात अनेक माशांची पहिली शास्त्रीय वर्णनं आहेत आणि अनेकांचं ठिकाण नोंदलेलं आहे : पुण्याची मुळा-मुठा, चाकणजवळची इंद्रायणी, शिरूरची घोड नदी. आणि भीमेवरचं ‘पैरगाव’, म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातलं पेडगाव.

पेडगाव म्हटलं की बहादूरगड आठवतो. छत्रपती संभाजी महाराजांना १६८९ मध्ये कैद करून औरंगजेबासमोर आणलं ते इथेच. लक्ष्मीनारायणाच्या कोरीव मंदिरासाठीही लोक इथे येतात. पण याच गावच्या नदीतल्या एका माशाने प्राणिशास्त्राच्या यादीत पेडगाव कायमचं नोंदवलं आहे, हे श्रीगोंद्यातही फारसं कोणी सांगत नाही. चपट्या, उंच अंगाचा, चांदीच्या पत्र्यासारखा हा मासा. डोक्यामागे त्याची पाठ एकदम वर चढते. साइक्सने त्याला ‘रोहटी विगोर्सी’ म्हटलं. निकोलस व्हिगर्स हा त्याच झुऑलॉजिकल सोसायटीचा पहिला सचिव, त्याच्या सन्मानार्थ हे नाव. आज शास्त्रात तो ‘ऑस्टिओब्रामा विगोर्सी’ म्हणून ओळखला जातो आणि कृष्णा व गोदावरी या दोन्ही खोऱ्यांत सापडतो. नगर जिल्ह्याचं पाणी या दोन खोऱ्यांतच वाटलेलं आहे : भीमा, घोड, सीना कृष्णेकडे, तर प्रवरा, मुळा गोदावरीकडे.

साइक्सच्या यादीची आणखी एक बाब मोलाची आहे. खुदरी, कोळस, शिंगाळा, मळ्या अशी इथल्या मासेमारांच्या तोंडची नावं त्याने जशीच्या तशी लॅटिन नावांत घातली. कोणता मासा कोणता हे नदीकाठच्या माणसांनी आधीच ओळखून ठेवलं होतं, साइक्सने ते कागदावर नेलं. पण त्यांना मासा दिसायचा जाळ्यात, तडफडताना. पावसाळ्यात भीमा गढूळ, उन्हाळ्यात डोहापुरती उरलेली. विगोर्सीसारखा चपटा मासा थव्याने वळताना कसा झळाळतो हे पाहायला लागणारी काच त्यांच्याकडे नव्हती. १८३९ नंतर चौदा वर्षांनी लंडनमध्ये ती काच आली. भीमेचा मासा मात्र त्या संस्थेत कागदावरच राहिला आणि इथे बाजाराच्या पाटीत.

पुढची कथा सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला घडली. १८६५ मध्ये फ्रान्सिस डे या सर्जनने त्रावणकोरातल्या मुंडक्कयम इथल्या एका माशाचं वर्णन केलं आणि मद्रासचा गव्हर्नर विल्यम डेनिसन याचं नाव त्याला दिलं. अंगावर काळा पट्टा, त्याच्यावर लाल रेघ, शेपटीवर पिवळा-काळा ठिपका. पुढची सव्वाशे वर्षं तो ओढ्यातला एक मासाच होता. १९९७ मध्ये सिंगापूरच्या ‘अ‍ॅक्वारामा’ प्रदर्शनात नव्या माशांच्या गटात त्याला तिसरं बक्षीस मिळालं आणि रातोरात तो युरोप-अमेरिकेतल्या हौशींच्या स्वप्नात गेला. व्यापाऱ्यांनी त्याचं नाव ‘मिस केरळ’ ठेवलं.

मागणी आली, पण त्याची पैदास कशी होते हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे प्रत्येक मासा ओढ्यातून उचलला गेला. संशोधक राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २००५ ते २०१२ या काळात संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे भारतातून शोभेसाठी परदेशी गेले, आणि त्यात मोठा वाटा असलेल्या मोजक्या माशांत हाही होता. केरळ सरकारने २००८ मध्ये पकडण्यावर निर्बंध घातले, पण बंदीचे महिने आणि माशाच्या विणीचे महिने जुळत नव्हते. जुळणार कसे? त्याच्या विणीचा अभ्यास व्हायच्या आधीच त्याचा बाजार उभा राहिला होता. २०१३ मध्येच राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी या माशासाठी नवी प्रजाती स्थापली आणि तिला आपल्या डोंगराचं नाव दिलं : ‘सह्याद्रिया’.

महाराष्ट्राची स्वप्नं त्या वेळी दुसरीकडे होती. १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि मुंबई पाहायला गेलेल्या घाटावरच्या कितीतरी कुटुंबांनी मासा बाजूने पहिल्यांदा पाहिला तो तिथे. पुढे टँक घरात आला तेव्हा त्यात शिरले ते अमेझॉनचे, आफ्रिकेतल्या सरोवरांचे आणि आग्नेय आशियातले मासे. त्याच मत्स्यालयाचे बी. एफ. छापगर आणि मुंबईचे मत्स्यतज्ज्ञ एस. आर. साने यांनी १९९२ मध्ये गोव्याच्या ओढ्यातल्या एका देखण्या छोट्या माशाचं वर्णन केलं. मुंबई राज्याच्या मत्स्यखात्याचे डॉ. सेटना यांच्यावरून त्याला ‘सेटनाई’ हे नाव मिळालं. आज परदेशी हौशी तो ‘इंडिगो बार्ब’ म्हणून शोधतात. कोल्हापूरच्या पंचगंगेत आढळणारी पट्ट्यापट्ट्यांची ‘बोटिया स्ट्रायाटा’ तिकडे ‘झेब्रा लोच’ म्हणून विकली जाते आणि इथे ती संकटग्रस्त आहे. आपण अमेझॉनचं स्वप्न पाहत होतो तेव्हा दुसरं कोणी पंचगंगेचं पाहत होतं.

मग अरोवाना स्वप्नांचा राजा कसा झाला? बोर्निओतल्या कापुआस नदीकाठच्या लोकांसाठी आशियाई अरोवाना पूर्वी खाण्यातला एक मासा होता. १९७५ मध्ये संकटग्रस्त जिवांच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातलं आणि त्याचा जागतिक व्यापार थांबला. दुर्मीळ ठरला आणि किंमत चढली. ड्रॅगनसारखा दिसतो, घरात भाग्य आणतो, या समजुतींनी ती आणखी वाढवली. पुढे ठरावीक नोंदणीकृत फार्मना, अंगात मायक्रोचिप बसवूनच, विक्रीची परवानगी मिळाली. भारतातही वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर सायटीस परिशिष्टांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली आहे. आपल्याकडच्या दुकानांत बहुधा दिसतो तो अमेझॉनचा सिल्व्हर अरोवाना. तो तीन फुटांच्या आसपास वाढतो आणि किडा टिपायला पाण्याबाहेर झेप घेतो. वीतभर पिल्लू घेणाऱ्याच्या घरात त्याला पुरेल एवढी टाकी क्वचितच असते.

घरात न मावणारा मासा शेवटी कुठे तरी सोडला जातो. टँकमधलं शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज भीमेवरच्या उजनी जलाशयात पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. चिलापीने आधीच व्यापलेल्या या पाण्याचा फुगवटा कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकपर्यंत येतो, आणि तिथून पेडगाव जवळच आहे. ज्या भीमेतल्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये झालं, तिच्यात आता काचेतून सुटलेली परदेशी स्वप्नं वाढताहेत. त्याच वेळी वाळूउपशाने नदीचा तळ खरवडला जातो आहे, जिथे कित्येक देशी मासे चरतात आणि अंडी घालतात.

अरोवानाबद्दल हौशींना सगळ्यात जास्त अप्रूप कशाचं वाटतं? त्याचा नर अंडी आणि पिल्लं आठवडेच्या आठवडे तोंडात सांभाळतो याचं. पण सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारी छोटी मरळ, ‘चन्ना गचुआ’, हेच करते. तिचाही नर अंडी तोंडात घेऊन उपाशी राहतो. वीतभर मासा, परांना निळसर-केशरी कड, लहानशा टाकीतही राहू शकेल असा. जगभर तिचे चाहते वाढताहेत. लाखो रुपये मोजून जे नवल पाहायचं, ते नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरओढ्यांत दगडाखाली घडत असतं.

म्हणून काही कोणी उद्या ओढ्यात जाळी घेऊन उतरावं असं नाही. मिस केरळने दिलेला धडा हाच आहे की ओढ आधी आणि माहिती नंतर, असा क्रम झाला की मासा मरतो. उलटा क्रमही आपल्याकडे घडला आहे. साइक्सने मुळा-मुठेतून वर्णन केलेल्या ‘खुदरी’ महसीरची पैदास टाटांच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकापासून लोणावळ्याला हाताळली. कोचीच्या पनंगड मत्स्य महाविद्यालयात पुढे मिस केरळचीही पैदास साधली. यालाही एक मर्यादा आहे : लोणावळ्याची खुदरी कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या स्वतःच्या कुबडवाल्या महसीरवर संकट आलं. तेव्हा पैदास करावी, पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडू नये.

हौशी माणसाकडे एक गोष्ट असते जी प्रयोगशाळेकडेही नेहमी नसते : रोज संध्याकाळी टाकीसमोर बसण्याची चिकाटी. डिस्कसची जोडी लावताना नगरचे छंदिष्ट जी निरीक्षणं करतात, जोडी कशी जमते, कोणत्या पाण्यात अंडी टिकतात, पिल्लं पहिल्या आठवड्यात काय खातात, तीच निरीक्षणं जिल्ह्यातल्या आठ-दहा साध्या देशी माशांबद्दल नोंदली गेली तर ते ज्ञान जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही. श्रीगोंद्यातल्या, कर्जतमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने भीमेच्या माशांची एक टाकी ठेवावी, तिच्यावर नावं लिहावीत, तालुक्यातल्या मुलांना ती बाजूने पाहू द्यावी. स्वप्न पाहायला आधी दर्शन घडावं लागतं. आजवर प्रत्येक स्वप्नातला मासा दुसऱ्या कोणी तरी आपल्याला दाखवला. भीमेचा मासा आपणच आपल्या मुलांना दाखवायला हवा, आणि तो अंडी कधी घालतो हे त्याची किंमत ठरण्याआधी शिकून घ्यायला हवं.