आइसलँड आणि नाटो

आइसलँड : उत्तर अटलांटिक करार संघटनेचा (नाटो) १९४९ पासूनचा संस्थापक सदस्य. सुमारे चार लाख लोकवस्तीच्या या बेटाला स्वतःचे खडे सैन्य नाही. संघटनेत असा दुसरा देश नाही. त्याचे मोल स्थानामुळे आहे. सोव्हिएट उत्तरी ताफ्याच्या पाणबुड्यांना ग्रीनलंड, आइसलँड व ब्रिटन यांमधील सागरी पट्ट्यातूनच अटलांटिकमध्ये उतरावे लागे आणि त्यांचा माग केफ्लाव्हिकच्या तळावरून काढला जाई. १९५१ च्या करारानुसार तेथे असलेले अमेरिकी दल २००६ मध्ये परतले. करार कायम आहे. २००८ पासून मित्रदेशांची लढाऊ विमाने आळीपाळीने तेथे येतात.

सदस्यत्व देशात निर्विवाद नव्हते. ३० मार्च १९४९ रोजी संसदेने मंजुरी दिली, तेव्हा रेक्याविकमध्ये दंगल उसळून पोलिसांना अश्रुधूर वापरावा लागला. सैन्य नाही म्हणजे देश दुबळा, हा समज मात्र कॉडयुद्धांनी खोटा ठरवला. मासेमारीच्या हद्दीवरून नाटोतल्याच ब्रिटनशी झालेल्या या संघर्षात आइसलँडच्या गस्ती नौकांनी ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी कापली, सरकारने संघटना सोडण्याचा इशारा दिला, आणि १९७६ मध्ये ब्रिटनने २०० सागरी मैलांची हद्द मान्य केली.