दुसरी

नातीला आजीचं नाव ठेवणं म्हणजे आपल्याकडे मोठी पंचाईत! सुनेनं "अगं रमे, दूध संपव" असं सासूबाईंच्या नावानं ओरडायचं कसं? मग हाकेचं नाव वेगळं शोधा. फ्रान्समधल्या अकितेनच्या ड्यूक घराण्याला ही अडचण पडली नसावी. आई एनॉर, तर लेकही एनॉरच. फक्त पुढे लॅटिन 'आलिया', म्हणजे 'दुसरी', चिकटवलं आणि झाली आलिएनॉर! निदान या नावाची प्रचलित व्युत्पत्ती तरी अशीच सांगतात.

दुसरी म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्यांतली मात्र ही बाई नव्हे. ११३७ मध्ये ती फ्रान्सची राणी झाली. ११५२ मध्ये ते लग्न रद्द झालं, तर दोन महिन्यांत दुसरं केलं आणि ११५४ मध्ये इंग्लंडची राणी! पुढे मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं, त्यात हिनं मुलांची बाजू घेतली आणि पंधराएक वर्षं कैद भोगली. १२०४ मध्ये ती वारली. फाँतव्रोच्या मठात तिची आडवी मूर्ती आहे. शेजारी नवरा निजलेला. बाईंच्या हातात उघडं पुस्तक!

फ्रान्समध्ये आजही एखादी आलिएनॉर भेटते. पहिली एनॉर मात्र आता उरली ती 'दुसरीची आई' म्हणून.