रूळ, रस्ता आणि रयत

राजमार्ग हा सर्वांचा असतो. त्यावरून मेणा जातो, बैलगाडी जाते, ओझ्याखाली वाकलेला हमालही जातो. कोणी कोणाची परवानगी विचारीत नाही. परंतु त्याच मार्गाच्या मध्यभागी लोखंडी रूळ पडले की स्थिती पालटते. त्या रुळांवर गाडी चालविण्याचा हक्क एखाद्या कंपनीकडे जातो, आणि सर्वांच्या वस्तूचा एक भाग एकाच्या स्वाधीन होतो. म्हणून रुळांच्या इतिहासात घोडे, वाफ वा वीज यांहूनही महत्त्वाचा प्रश्न हा की, रूळ टाकण्यापूर्वी कोणाला विचारले गेले? या प्रश्नाची दोन उत्तरे एकोणिसाव्या शतकात अवघ्या दहा वर्षांच्या अंतराने मिळाली. पहिले मुंबईत, शहरातील ट्रामच्या बाबतीत. दुसरे हैदराबाद संस्थानात, रेल्वेच्या बाबतीत. परभणी जिल्हा त्या काळी याच संस्थानात मोडत असे.

मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू करण्याची कल्पना प्रथम १८६५ साली एका अमेरिकन कंपनीने पुढे मांडली. तिला परवानाही मिळाला. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला, मुंबईतील सट्ट्याचा फुगा फुटला, आणि ती योजना कागदावरच राहिली. या विलंबाचा एक लाभ मात्र झाला. मधल्या काळात मुंबईचे करदाते जागे झाले होते. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारण्याच्या भरात जो अफाट खर्च केला, त्याविरुद्ध १८७१ साली नवरोजी फर्दुनजी प्रभृती पुढाऱ्यांनी मोठी चळवळ उभारली. त्याच वर्षी तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून, नगराचा कारभार करदात्यांनी निवडलेल्या सभासदांच्या हाती असावा, असे प्रतिपादन केले. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन निर्माण झाली, आणि त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले.

ट्रामची योजना पुन्हा पुढे आली ती अशा नव्या वातावरणात. १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली. म्युनिसिपालिटी, ही कंपनी आणि स्टर्न्स व किट्रेज ही अमेरिकन पेढी यांच्यात करार झाला. पुढील वर्षी त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत ट्राम धावू लागली. प्रारंभी तीन आणे भाडे होते व तिकीट मुळीच नसे. पुढे उतारू वाढले तसे भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकट्यांची संख्या वाढल्यामुळे तिकिटेही आली.

परंतु या व्यवस्थेत भाड्याहून मोलाची गोष्ट एक कलम होते. ठरावीक मुदतीनंतर ट्राम विकत घेण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीने आपल्याकडे राखून ठेवला होता. म्हणजे रस्ता दिला होता तो उसना, कायमचा नव्हे. कंपनीने १८९९ साली विजेच्या ट्रामसाठी अर्ज केला, तेव्हा एवढे भांडवल घालावयाचे तर १९०१ साली मिळणारा हा खरेदीचा हक्क सोडून द्यावा, अशी तिची सूचना होती. कॉर्पोरेशनने ती मानली नाही. कायद्याच्या अडचणींमुळे खरेदी त्या वेळी साधली नाही. १९०५ साली ट्राम व वीज दोन्ही नव्या बी.ई.एस.टी. कंपनीकडे गेली, आणि १९०७ साली विजेची ट्राम धावली. तथापि नव्या करारातही हक्क कायम राहिला. त्याच्याच आधारे ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आठ दिवस आधी, हा सर्व कारभार नगराच्या मालकीचा झाला.

यावरून त्या वेळी सर्व मुंबईकरांना विचारले गेले, असे मानणे चुकीचे ठरेल. मताचा अधिकार होता तो ठरावीक रकमेचा कर भरणाऱ्यांना. गिरणीत राबणारा मजूर, घोड्यांना खरारा करणारा मोतद्दार, शिग्राम हाकणारा गाडीवान यांचे मत कोणी घेतले नाही. दार अरुंद होते हे खरे. पण दार होते.

हैदराबाद संस्थानात तेही नव्हते. १८८३ साली तेथे चांद्याच्या दिशेने रेल्वे नेण्याची योजना निघाली. परदेशी भांडवल यावयाचे आणि त्याच्या व्याजाची हमी संस्थानाच्या खजिन्याने, म्हणजे अखेर रयतेने, द्यावयाची, असा तो व्यवहार होता. डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, मुल्ला अब्दुल कय्यूम आदी सुशिक्षितांनी समिती स्थापून, योजनेची माहिती प्रसिद्ध करावी व तिच्यावर उघड चर्चा व्हावी, अशी मागणी केली. मागणी नेमस्त होती. शिक्षा मात्र कठोर झाली. सरोजिनी नायडूंचे वडील असलेल्या अघोरनाथांना त्याच वर्षी संस्थानाबाहेर घालविण्यात आले. कागद पाहण्याची इच्छा हाच तेथे अपराध ठरला.

या राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग पुरा झाला, आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही गावे रेल्वेवर आली. त्या मार्गाने कापसाच्या व्यापारास चालना दिली, हे निर्विवाद आहे. परंतु रूळ मीटरगेजचे होते आणि मनमाडला मुंबईचा लोहमार्ग ब्रॉडगेजचा. परभणीचा गठ्ठा मुंबईस जावयाचा तर तो मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. उतारूंनाही तेथे गाडी बदलावी लागे. ही गैरसोय तीन पिढ्यांनी सोसली. १९४८ साली निजामी राजवट संपली, तेव्हा कोठे उघडपणे मागणे मागण्याची सोय झाली. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ब्रॉडगेजची मागणी चिकाटीने लावून धरली, आणि शतकाच्या अखेरच्या दशकात रूळ रुंद झाले.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची गेली. परभणीची गाडी आजही धावत आहे. लोकमत घेतल्याने प्रत्येक मार्ग चिरंजीव होतो, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, कराराच्या वेळी नगराने लिहून घेतलेली एक ओळ मुंबईला सत्तर वर्षांनंतरही उपयोगी पडली; जेथे ओळ लिहून घेणारा कोणी नव्हता, तेथे रुळांची रुंदी बदलून घेण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. आज शहरोशहरी मेट्रोचे नकाशे तयार होत आहेत. ते नकाशे पाहण्याची व त्यांवर बोलण्याची वेळ रूळ पडण्यापूर्वीची असते, नंतरची नव्हे.