दक्षता कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आयसीयूला मराठीत ‘अतिदक्षता विभाग’ म्हणतात. कारभारासाठी घडवलेले पुष्कळ शब्द जिभेवर रुळत नाहीत. हा मात्र रुळला. मला तो आवडतो, कारण त्यात यंत्राचे नाव नाही. दक्षता हा माणसाचा गुण. पहारेकरी दक्ष असतो, आई दक्ष असते. मॉनिटर नुसता चालू असतो. मग या विभागात दक्ष राहायचे कोणी? मोठे डॉक्टर राऊंडला येऊन जातात. निवासी डॉक्टर असतात, पण त्यांच्याकडे अनेक खाटा असतात. नातेवाइकांना ठरावीक वेळी घटकाभर आत सोडतात. चोवीस तास, पाळीपाळीने, खाटेजवळ असते ती परिचारिका, म्हणजे आपली सिस्टर. रुग्णाला आयसीयूत हलवायचे ते मुख्यतः तिच्या सततच्या नजरेखाली ठेवण्यासाठी. तरीही या कामासाठी तिने पदवीनंतर वेगळे शिक्षण घ्यावे, ही कल्पना जगात रुजायला फार काळ लागला आणि आपल्याकडे ती अजून अर्धीच रुजली आहे. मी परिचर्या शिकवते. आज या शिक्षणाची गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात अर्थात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती आपल्या मनावर इतकी ठसली आहे, की त्या आकडेवारीच्या पक्क्या जाणकार होत्या हे विसरायला होते. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. रुग्णालयांविषयीच्या १८६३ च्या लेखनात त्यांनी एक साधी नोंद केली आहे : गावाकडच्या काही लहान रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून एक छोटी खोली असते आणि शस्त्रक्रियेनंतर सावरेपर्यंत रुग्णाला तिथे ठेवतात. अत्यवस्थ रुग्ण एकत्र ठेवावेत आणि त्यांच्यावर कोणीतरी सतत लक्ष ठेवावे, ही अतिदक्षतेची मूळ कल्पना त्यात आहे. पुढे १९२३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी तीन खाटांचा कक्ष काढला.

खरी कलाटणी मिळाली ती १९५२ मध्ये, डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात. त्या वर्षी तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात ऐन भरात रोज पन्नासच्या आसपास रुग्ण दाखल होत. अनेकांच्या श्वासाचे स्नायू लुळे पडत. श्वासासाठी वापरायची लोखंडी पेटी रुग्णालयात एकच होती, छातीवर बसवायची साधनेही मोजकीच. पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात छेद घेऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग शेकडो रुग्णांसाठी पिशवी दाबणारे हात हवेत म्हणून वैद्यक आणि दंतवैद्यकाच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांना पाळ्या लावून बसवले. एका वेळी सत्तर रुग्णांना असा श्वास दिला जात होता. नळीतला कफ ओढणे, कूस बदलणे, नाडी पाहणे ही कामे परिचारिकांकडे होती. मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घसरले. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी कायमचा कक्ष उघडला.

साथ ओसरली, विद्यार्थी आपल्या वर्गांत परतले. हातांची जागा यंत्रांनी घेतली. परिचारिका मात्र तिथेच राहिली, आणि आता तिच्यासमोर असे यंत्र होते, जे तिला शाळेत कोणी शिकवले नव्हते. नवे शिक्षण हवे, हा प्रश्न इथे उभा राहिला.

त्याचे उत्तर मिळाले ते हृदयविकाराच्या कक्षांत. हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण रुग्णालयात सुखरूप पोहोचला, तरी पहिले काही दिवस त्याच्या हृदयाचे ठोके एकाएकी विस्कटू शकतात. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही. छातीवर विजेचा झटका देऊन ती थरथर थांबवता येते. पण दर मिनिटागणिक रुग्ण वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. १९६० च्या सुमारास छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत माहीत झाली, झटका देणारे यंत्रही हाताशी आले. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला ह्यूज डे यांनी अशा रुग्णांसाठी खास कक्ष काढला. आता अडचण उरली ती नियमाची. झटका द्यायचा अधिकार डॉक्टरांचा. परिचारिकेने पडद्यावर विस्कटलेली रेघ पाहायची, फोन करायचा आणि वाट पाहायची. डॉक्टर धावत आले तरी चार-पाच मिनिटे जाणारच.

फिलाडेल्फियाचे डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी हा नियमच तपासायला घेतला. परिचारिकेला हृदयाचा आलेख वाचायला शिकवले, धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवले आणि डॉक्टर जवळ नसतील तर स्वतः झटका देण्याची मुभा दिली, तर काय होईल? तेव्हा हे धाडसच होते. परिचारिकेने निदान करायचे, हे अनेकांच्या पचनी पडणारे नव्हते. पण प्रयोग यशस्वी झाला आणि १९६५ मध्ये त्यांनी परिचारिकांसाठी या कामाचे पुस्तकच तयार केले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल या डॉक्टरांनी आपल्या कक्षातल्या २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तदाब पार कोसळलेले रुग्ण वगळता बाकीच्यांत मृत्यूचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. डॉक्टर जवळ नसताना प्रशिक्षित परिचारिकांनी लगेच उपचार करणे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. खाटा त्याच, यंत्रेही तीच. बदलले होते ते खाटेजवळच्या व्यक्तीचे ज्ञान आणि तिला मिळालेला अधिकार. या दोन गोष्टी बरोबरीने आल्या, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. नुसते ज्ञान दिले असते तर तिला रुग्ण मरताना अधिक चांगले समजले असते, एवढेच.

यानंतर गाडी वेगाने पुढे गेली. १९६९ मध्ये अमेरिकेत हृदयविकार कक्षांतल्या परिचारिकांची संघटना स्थापन झाली. १९७१ मध्ये तिने सर्वच अतिदक्षता परिचारिकांना सामावून घेतले आणि १९७६ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षा सुरू केली. इंग्लंडमध्ये नोंदणीनंतरच्या विशेष अभ्यासक्रमांसाठी १९७० मध्ये मंडळ नेमले गेले. तिथला अतिदक्षतेचा अभ्यासक्रम ‘शंभर नंबरचा कोर्स’ म्हणून परिचारिकांत ओळखला जाई. पुढे हे अभ्यासक्रम विद्यापीठांत गेले. ब्रिटनमधल्या मानकांनुसार अतिदक्षता विभागातल्या निदान निम्म्या परिचारिकांकडे या विषयातली नोंदणीनंतरची पात्रता असावी लागते.

शिकवतात काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण देते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा ऑक्सिजन एकदम उतरला, अलार्म वाजू लागला. नळी जागची सरकली का? ती कफाने तुंबली का? फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली का? की यंत्रच बिघडले? ही चार कारणे पडताळून योग्य ते पाऊल उचलायला मिनिटभरच असते. दुसरे उदाहरण त्याहून साधे आहे. रुग्ण खालावू लागला की पुष्कळदा रक्तदाब पडण्याच्या कितीतरी आधी श्वासांची गती वाढते. पण श्वास मोजायला मिनिटभर उभे राहावे लागते, म्हणून कामाच्या गर्दीत तक्त्यावर सवयीने ‘१८’ किंवा ‘२०’ लिहून मोकळे होतात. तो आकडा का महत्त्वाचा आहे हे ज्याला कळले, तो तो मोजल्याशिवाय राहत नाही.

शिक्षणाने खरोखर फरक पडतो का, याचे मोजमापही झाले आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांमधल्या चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी असते. आणि एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती तेवढीच वाढते. अभ्यास केवळ आयसीयूचा नव्हता. पण आयसीयूत तर चूक सुधारायला वेळही कमी असतो.

आता आपल्याकडे येऊ. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९५९ मध्ये दिल्लीला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. मुंबईत १९६४ मध्ये एसएनडीटी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय स्थापन झाले. मात्र आपल्याकडे एम. एस्सी. नर्सिंग झालेली परिचारिका बहुधा शिकवायला जाते, म्हणजे शिक्षण वाढले की ती खाटेपासून दूर होते. खाटेजवळच राहून शिकता यावे म्हणून भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येची एक वर्षाची पदविका आखली. त्यानंतर २०१६-१७ मध्ये केंद्र सरकारच्या पाठिंब्याने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. त्याला प्रवेश बी. एस्सी. झालेल्या अनुभवी परिचारिकेलाच मिळतो, आणि शिक्षणाचा मोठा भाग वर्गात नव्हे, आयसीयूतच होतो. कल्पना उत्तम आहे. फिलाडेल्फियात जे सिद्ध झाले, त्याच वाटेवरची आहे.

पण पदवी मिळाल्यावर पुढे काय? माझी एक विद्यार्थिनी एका मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका होती. रजा काढून, घरी लहान मूल ठेवून तिने अतिदक्षतेचे शिक्षण पूर्ण केले. परत रुजू झाली आणि दोन महिन्यांत नेहमीच्या फिरत्या बदलीत तिची नेमणूक बाह्यरुग्ण विभागात झाली. तिच्या जागी आयसीयूत नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी आली. कोणी मुद्दाम केले नव्हते. तक्त्यात तिच्या नव्या पात्रतेसाठी रकानाच नव्हता. ती मला म्हणाली, “मॅडम, शिकले ते विसरायला किती दिवस लागतात, ते आता बघायचं.” मला उत्तर देता आले नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत देशाने ५० हजार व्हेंटिलेटरची तरतूद केली. यंत्र महिन्याभरात विकत घेता येते. ते चालवणारी परिचारिका तयार व्हायला वर्षे लागतात, हा कोपनहेगनचा धडा आपण नव्याने गिरवला. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याच्या अंमलबजावणीबरोबर तीन साध्या गोष्टी व्हायला हव्यात : अतिदक्षता परिचारिकेचे वेगळे पद, त्या पदाचा वेगळा पगार, आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत तिने काय करावे याचे लेखी अधिकार. शिक्षणाला या तिन्हींची जोड नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि रुग्णाच्या वाट्याला काहीच येणार नाही.

आपण रुग्णाचे नातेवाईक म्हणून आयसीयूच्या दाराशी उभे राहतो तेव्हा खर्च विचारतो, मोठ्या डॉक्टरांचे नाव विचारतो, व्हेंटिलेटर आहे का विचारतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत : या पाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत? आणि त्यांच्यापैकी कितीजणींनी या कामाचे वेगळे शिक्षण घेतले आहे? हे प्रश्न पुष्कळ लोक विचारू लागले, तर नेमणुकीच्या तक्त्यात तो रकानाही येईल.