मोरी, मुशी आणि दालदी

मुखेडचे पाणी लेंडी नदीतून मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. समुद्राशी आमचे नाते एवढेच, असे मी बरीच वर्षे समजत होतो. निजामी रियासतीत वाढलेल्या आमच्या बुजुर्गांच्या बोलण्यात समुद्र यायचा तो हजच्या निमित्ताने : मुंबई बंदर, जहाज आणि जेद्दा. अपवाद एका चमच्याचा. अब्बा लहान असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, त्यांना संध्याकाळनंतर दिसेनासे झाले. डॉक्टरांनी एक पिवळे, उग्र वासाचे तेल दिले. घरात त्याला 'मछली का तेल' म्हणत. मासा कोणता, हे अब्बांनी कधी विचारले नाही. मी विचारले, पण फार उशिरा.

युद्धापूर्वी असे तेल युरोपातून येई, ते कॉड माशाच्या यकृताचे. युद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा मुंबई, मद्रास आणि त्रावणकोर येथे शार्कच्या यकृतापासून तेल काढण्याचा सरकारी उद्योग उभा राहिला. 'अ' जीवनसत्त्व या तेलात भरपूर असते. पुढे प्रयोगशाळेत तयार होणारे जीवनसत्त्व स्वस्त झाले आणि हा धंदा ओसरला. अब्बांच्या चमच्यातले तेल कॉडचे होते की कोकणातल्या मोरीचे, याचा दाखला आता कुठे मिळणार? पण त्या चमच्याचा माग काढता काढता मी ज्या माणसांपर्यंत पोचलो, ती आमच्याच बिरादरीतली निघाली.

रत्नागिरी किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या मुसलमानांना दालदी म्हणतात. 1880 साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. आमच्या इतिहासलेखनात मात्र ती शोधावी लागते. आम्हाला जंजिऱ्याचे सिद्दी दिसतात, आरमारावरचे सरदार दिसतात, काझी आणि इनामदार दिसतात. पहाटे मचव्यावरून जाळे ओढणारा आणि त्याची मुशी टोपलीत घालून बाजारात नेणारी बाई दिसत नाही. मराठवाड्यात हनफी जास्त, कोकणात शाफई. या फरकावर आपण बराच वेळ बोलू शकतो. रोजीरोटीच्या फरकावर कमी बोलतो.

मुशी म्हणजे लहान शार्क, मोरी म्हणजे मोठा. पाकट हा त्यांचाच चपटा भाऊबंद. या सगळ्यांच्या अंगात हाड नसते, कूर्चा असते. यांच्या मोठ्या शिकारीचा एक जुना दस्तावेज जॉर्ज बुइस्ट यांचा आहे. हे गृहस्थ 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक. 1850 साली त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेसाठी कराचीच्या शार्क-मासेमारीचे वर्णन लिहिले. तेरा मोठ्या होड्या, प्रत्येकीवर बारा माणसे. एका होडीला वर्षाला सुमारे 3,000 शार्क, म्हणजे एकूण जवळजवळ 40,000. परांची किंमत पंधरा ते अठरा हजार रुपये. मुंबईच्या बाजारातून हे पर चीनकडे जात, तिथे त्यांचे सूप होई. सर्वांत मोठ्या शार्कला बुइस्ट 'म्होर' म्हणतात. तो पाण्याच्या पृष्ठभागावर निवांत तरंगत असताना त्याला आठ फुटी भाला मारीत आणि कित्येक होड्या मिळून किनाऱ्याला ओढीत. चाळीस फुटांचा, कधी साठ फुटांचाही, असे ते लिहितात. वर्णनावरून हा आजचा व्हेल शार्क असावा.

हा आकडा वाचून मी थबकलो, कारण 40,000 शार्क मारूनही ती मासेमारी चालू राहिली होती. शिडाच्या होडीला मर्यादा असतात : वारा, पावसाळा, माणसाच्या मनगटाची ताकद. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक होड्या आल्या, मग ट्रॉलर आले, आणि या मर्यादा एकेक करून गळून पडल्या. बांगडा किंवा तारली हजारोंनी अंडी घालते. मोठ्या जातीची मोरी वयात यायलाच काही वर्षे घेते आणि एका वेळी मोजकी पिल्ले देते. बाजारात नेहमी दिसणारी छोटी मुशी त्यातल्या त्यात लवकर वाढते, म्हणून टिकून आहे. बाकीच्यांची भरपाई होत नाही. देशातली मुशी-पाकटांची आवक 1998 च्या सुमारास 75 हजार टनांच्या जवळ होती. 2018 मध्ये ती 42 हजार टनांवर आली. जगभरातल्या अशा माशांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती आज नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत, असे 2021 च्या जागतिक मूल्यमापनाने दाखवले. करवत मासा तर आपल्या किनाऱ्यावर आता क्वचितच कुणाला दिसतो. त्याची लांब, दातेरी सोंड कोणत्याही जाळ्यात अडकते, हाच त्याचा गुन्हा.

सरकार जागे झाले ते 2001 साली. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची कत्तल चालली होती. माइक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटाने ती लोकांपुढे आणली. 28 मे 2001 रोजी व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ते योग्यच झाले. पण 11 जुलैला त्याच यादीत सगळेच शार्क आणि पाकट घातले गेले. एका कागदाने किनाऱ्यावरची प्रत्येक मुशी 'वाघ' झाली आणि टोपलीत मुशी विकणारी बाई शिकारी. मासेमारांनी देशभर विरोध केला. 5 डिसेंबरला यादी दहा जातींवर आणण्यात आली. त्यातही पाँडिचेरी शार्कसारखी जात होती, जिला कित्येक दशकांत कुणी खात्रीने पाहिलेले नव्हते.

या पाच महिन्यांकडे पर्यावरणवादी 'माघार' म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. जुलैची यादी करताना जाळे ओढणाऱ्याला कुणी विचारले नव्हते, आणि डिसेंबरची यादी करताना माशांचा विचार मागे पडला. हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचे संरक्षण तेव्हा राहून गेले ते राहूनच गेले. 2013 मध्ये पर कापून धड समुद्रात फेकण्यावर बंदी आली, 2015 मध्ये परांची निर्यात थांबली, आणि 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, यादीत आणखी अनेक जाती आल्या. मधली वीस वर्षे मात्र गेली.

याउलट उदाहरण गुजरातचेच आहे. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने 2004 पासून सौराष्ट्रातल्या मच्छीमारांशी बोलणे सुरू केले. मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली. जाळे कापून मासा सोडला तर सरकार भरपाई देऊ लागले. काल भाला मारणाऱ्यांनी शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. महाराष्ट्राने डिसेंबर 2018 मध्ये अशी योजना आणली : संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत.

योजना चांगली आहे, पण ती मोठ्या माशांपुरती. व्हेल शार्क जाळ्यात जिवंत सापडतो. ट्रॉलरच्या जाळ्यात तासन्‌तास चेंगरलेले पाकटाचे पिल्लू वर येते ते बहुधा मेलेलेच, आणि मेलेल्याला सोडून कुणाचे भले होणार? ही पिल्ले कोणत्या खाडीत, कोणत्या महिन्यात दिसतात, हे कळले तर तेवढा टापू तेवढे दिवस मोकळा ठेवता येईल. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. हा रिवाज नवा नाही, त्याला आणखी एक कलम जोडायचे आहे. ही माहिती दिल्लीच्या दप्तरात कमी आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्या दालदी चाचांकडे जास्त असणार. ते चाचा आता थोडे उरले आहेत आणि त्यांची मुले आखातात नोकरीला गेली आहेत. आमच्या संमेलनांत आम्ही सुफी संतांची हस्तलिखिते गोळा करण्याचे ठराव करतो. पुढच्या वेळी एक वही आणि एक टेपरेकॉर्डर रत्नागिरीलाही पाठवावा, असे मी सुचवणार आहे. येण्याजाण्याचे भाडे मुखेडातून गोळा करू.