प्रगतिपुस्तकाचा दिवस

एप्रिल १९१०. व्हिएन्नातील मनोविश्लेषकांच्या मंडळाने आपल्या दोन बैठका एकाच प्रश्नासाठी राखून ठेवल्या होत्या : शाळकरी मुले आत्महत्या का करतात? चर्चेची सुरुवात डॉक्टरने नव्हे, तर एका शिक्षकाने केली. डेव्हिड ओपेनहाइम हे लॅटिन व ग्रीक शिकवीत असत. त्या काळी अशा मृत्यूंचे खापर शाळेवर फुटत असे. यावर बैठकीत एक बचाव पुढे आला. कामधंदा शिकणारी, शाळेत न जाणारी मुलेही आत्महत्या करतात. मग दोष शाळेचा कसा?

सिग्मंड फ्रॉइड यांना हा बचाव पुरेसा वाटला नाही. बाहेरच्या मुलांना जे धक्के जगाकडून बसतात, तेच शाळेतल्या मुलांना कदाचित शाळेकडून बसत असतील, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांना मृत्यूकडे न ढकलणे एवढ्यावर शाळेची जबाबदारी संपत नाही. या वयात घराशी असलेले बंध सैल होत असतात, म्हणून शाळेने मुलांना आधार आणि जगण्याची गोडी दिली पाहिजे. मूल अपरिपक्व आहे, हे विसरून चालणार नाही. समारोप करताना मात्र, आपल्याला उत्तर सापडलेले नाही, अशी कबुली त्यांनी दिली. शोक आणि विषाद यांची तुलना केल्याखेरीज हे कोडे सुटणार नाही, असे त्यांना वाटत होते. ती तुलना त्यांनी १९१७ साली एका निबंधात केली. शोकात माणसाला आपण काय गमावले ते ठाऊक असते. विषादात तो स्वतःवरच उलटतो, स्वतःला कवडीमोल ठरवतो. आज ज्याला आपण नैराश्य म्हणतो, त्याची ही एक महत्त्वाची खूण आहे.

चर्चेतून कृतीकडे जायला आणखी १८ वर्षे लागली. १९२८ साली व्हिक्टर फ्रँकल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने व्हिएन्नात तरुणांसाठी सल्लाकेंद्रे सुरू केली. तिथे पैसे लागत नसत, नावही सांगावे लागत नसे. प्रगतिपुस्तके हाती पडण्याचे दिवस सर्वांत धोक्याचे, हे ओळखून १९३० साली त्यांनी नेमक्या त्या दिवसांसाठी खास मोहीम आखली. त्यानंतर कित्येक वर्षांत प्रथमच शहरात एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या झाली नाही, असे त्यांनी नोंदवले आहे. एका वर्षाच्या आकड्याने काही सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको. पण संकटाची वेळ आधी ठाऊक असेल, तर मदतही आधी उभी करता येते, हा विचार तेव्हा नवा होता.

पुढे नाझी राजवटीने या दोघांनाही थेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत धाडले. ओपेनहाइम तिथेच १९४३ साली वारले. फ्रँकल यांनी तिथेही नव्याने येणाऱ्या बंदिवानांना सावरण्याचे आणि आत्महत्या रोखण्याचे काम केले. ते वाचले आणि १९९७ पर्यंत जगले.

शाळांमधील अशा कामाची काटेकोर परीक्षा अलीकडे झाली. युरोपातील १० देशांतल्या १६८ शाळांमधील ११,११० विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एका गटात केवळ शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवले. तेवढ्याने ठळक फरक पडला नाही. दुसऱ्या गटात खुद्द मुलांनी मनाचे ताण, नैराश्य, मित्राला मदत कशी करावी याविषयी चर्चा केली, छोटे प्रसंग वठवून पाहिले. वर्षभरानंतर या गटात आत्महत्येचे प्रयत्न सुमारे निम्म्याने कमी आढळले. तेव्हा खुणा शिक्षकांना कळाव्यातच, पण हा विषय वर्गातही उघडपणे बोलला जावा.

या खुणा कोणत्या? किशोरवयात नैराश्य नेहमी रडण्यातूनच दिसते असे नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्या रूपात येते आणि आपण त्याला उद्धटपणा समजतो. आवडत्या खेळात किंवा मित्रांत मन न रमणे, झोप व भूक बिघडणे, अभ्यासात अचानक घसरण, ‘माझा कुणाला उपयोग नाही’ अशी भाषा, हे सारे दोन आठवडे टिकले तर दुर्लक्ष करू नये. मरणाचे बोलणे किंवा जपलेल्या वस्तू वाटून टाकणे ही तातडीची खूण होय. अशा वेळी मुलाला बाजूला घेऊन, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उपदेश न करता ऐकावे. गुपित राखण्याचे वचन देऊ नये, मुलाला एकटे सोडू नये. पालकांना कळवून डॉक्टरांपर्यंत न्यावे. नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातल्या होत्या. त्यामागची कारणे अनेक असतात, परीक्षा हे त्यांतले एक. पण निकालाची तारीख तरी शाळेला आधीपासून माहीत असते. त्या आठवड्यात कोणत्या मुलाशी कोण बोलणार, हे शिक्षकांच्या बैठकीत आधीच ठरवता येईल.