पहाऱ्याची चाहूल

खानदेशचा इतिहास हा बव्हंशी रस्त्यांचा इतिहास आहे. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेकडे येणारी वाट तापी ओलांडून ह्याच प्रांतांतून जाते, आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारी वाट तिला धुळ्यास छेदते. जेथें वाट तेथें पहारा, हा नियम येथें फार जुना. धुळ्याच्या दक्षिणेस लळिंग आणि उत्तरेस सोनगीर हे दोन्ही किल्ले आग्रा रस्त्याच्या कडेलाच उभे आहेत. त्यांच्या तटावरून येणाराजाणारा दुरूनच दृष्टीस पडे. गांवोगांवीं हेंच काम जागल्या करी, आणि तो पुष्कळदां भिल्ल असे. इंग्रजी अंमल १८१८ सालीं आल्यावर वाटा निर्धोक करण्यासाठीं १८२५ सालीं जेम्स औट्रम ह्यानें धरणगांवीं भिल्ल पलटण उभारली. ह्या सर्व पहाऱ्यांत पहारेकऱ्याचें साधन एकच होतें, तें म्हणजे त्याचे डोळे. वेग मोजण्याची गरज कोणासच नव्हती. बैलगाडी किती वेगानें गेली ह्याचा पंचनामा कोण करणार?

मोटार आली आणि ही स्थिति पालटली. हिंदुस्थानांत मोटारगाड्यांचा कायदा १९१४ सालीं झाला, त्याच्या जागीं १९३९ चा आला आणि त्यानंतर १९८८ चा. वेगाची मर्यादा कागदावर लिहिणें सोपें होतें. ती अमक्यानें मोडली हें सिद्ध करणें मात्र अवघड. दोन खुणांमधील अंतर मोजून ठेवावें आणि हातांत घड्याळ घेऊन उभें राहावें, एवढाच उपाय प्रथम विलायतेंतील पोलिसांना सुचला.

ह्या अडचणीचें उत्तर पदार्थविज्ञानांत आधींच तयार होत होतें. ध्वनीचा किंवा प्रकाशाचा उगम जवळ येत असतां त्याच्या लहरी दाट होतात आणि दूर जातां विरळ होतात, असें डॉप्लर ह्यानें १८४२ सालीं प्राग येथें मांडलें. कांहीं मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरींचे प्रयोग जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास लोकांपुढें करून दाखविले. वॉटसन-वॅट ह्यानें २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं डॅव्हेंट्रीजवळ रेडिओलहरींच्या साह्यानें विमान हुडकलें. युद्धांत रडार वाढलें, आणि युद्ध संपतांच १९४७ सालीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत, ग्लास्टनबरी येथें, तें रस्त्यावरील गाड्यांचा वेग मोजण्यास लावून पाहण्यांत आलें. पुढें प्रचारांत आलेल्या एका प्रकारच्या वेगमापकाची लहर सेकंदास २,४१५ कोटी कंपनें करते. ताशीं ८० किलोमीटर वेगानें समोरून येणाऱ्या वाहनावरून ती परतली म्हणजे तिच्या कंपनांत सुमारें ३,५८० ची भर पडलेली असते. एवढ्या लहानशा फरकावरून यंत्र वेग सांगतें.

पहारा आला कीं त्याची बातमी आधीं मिळविण्याची खटपटही येतेच. १९६० नंतर अमेरिकेंत असें एक खोकें विकण्यास आलें, कीं जें स्वतः कांहीं न पाठवितां पोलिसांच्या लहरी टिपून हांकणाऱ्यास सावध करी. रडार डिटेक्टर म्हणतात तें हेंच. मराठींत त्यास चाहूलयंत्र म्हणावें. तेलटंचाईमुळें १९७४ सालीं तेथील वेगमर्यादा ताशीं ५५ मैलांवर आली आणि ह्या यंत्रांचा खप वाढला. १९७८ सालीं निघालेलें एस्कॉर्ट नांवाचें यंत्र विशेष गाजलें. तथापि व्हर्जिनिया संस्थानानें त्यांस बंदी केली, आणि जर्मनीनेंही गाडी चालवितांना त्यांचा उपयोग निषिद्ध ठरविला.

मोटारसायकलवाल्यानें हें यंत्र निवडावयाचें झाल्यास त्याच्यापुढें निराळेच प्रश्न उभे राहतात. यंत्र पावसांत व धुळींत टिकलें पाहिजे. इंजिनाच्या हादऱ्यानें तें सैल होतां कामा नये. वाऱ्याच्या घोंगावण्यांत आणि हेल्मेटच्या आंत त्याची शीळ ऐकूं येत नाहीं; म्हणून इशारा कानाशीं किंवा दिव्यानें डोळ्यांसमोर यावा लागतो, आणि दिव्याकडे पाहतांना नजर रस्त्यावरून ढळते. शिवाय दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे व नव्या मोटारींतील बाजूचें वाहन ओळखणारीं उपकरणें ह्यांपैकीं पुष्कळ त्याच लहरींवर चालतात; त्यामुळें खोट्या इशाऱ्यांचा सुकाळ होतो.

पण ह्या सर्वांआधीं विचारावयाचा प्रश्न असा, कीं ज्याची चाहूल घ्यावयाची तो पहारा रडारचा आहे काय? महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांना अलीकडे मिळालेल्या गस्ती मोटारींत लेसरचे वेगमापक आहेत. लेसरचा झोत तीनशें मीटरांवरही जेमतेम मीटरभर रुंद असतो. रडारच्या लहरीप्रमाणें तो रस्ताभर पसरत नाहीं. अर्ध्या सेकंदाच्या आंत मोजणी होते. ताशीं ८० किलोमीटर वेगाचा स्वार तेवढ्या वेळांत दहाअकरा मीटर जातो. तोंवर यंत्रानें इशारा दिलाच, तरी ती वार्ता वेग टिपला गेल्याची असते.

आणि रस्त्यावरचा खरा धोका तर ह्या यंत्राला कळतच नाहीं. जळगांव शहरांतून जाणाऱ्या महामार्गास समांतर रस्ते मिळावेत म्हणून २०१८ सालीं नागरिकांनीं आंदोलन केलें. त्यांची भीति पोलिसांची नव्हती, भरधांव वाहनांची होती. ४ जुलै २०२३ रोजीं शिरपूर तालुक्यांत पळासनेरजवळ आग्रा रस्त्यावर ब्रेक निकामी झालेला मालवाहू कंटेनर पुढील वाहनांस धडकत रस्त्याकडेच्या उपाहारगृहांत शिरला. किमान दहा माणसें प्राणांस मुकलीं. धडक बसलेल्या वाहनांत मोटारसायकलीही होत्या. त्यांच्या दांड्यावर उत्तमांतील उत्तम चाहूलयंत्र असतें, तरी तें मुकेंच राहिलें असतें.

दुचाकीस चौपदरी मार्गावर ताशीं ८० आणि पालिकेच्या हद्दींत ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा केंद्र सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें ठरविली. १ जून २०२१ पासून प्रमाणित नसलेलें हेल्मेट विकण्यासही बंदी झाली. पाळधी, एरंडोल, पारोळा करीत जळगांवाहून धुळ्यास जाणाऱ्या तरुणाच्या गांठीं यंत्रापुरते पैसे असतील, तर ते आधीं चांगल्या हेल्मेटास, टायरांस व ब्रेकला लावणें शहाणपणाचें. लळिंगच्या तटावरील पहारेकऱ्याला चुकविण्यांत एखाद्याचा लाभ झालाही असेल. वेगाच्या पहाऱ्याला चुकविणारा मात्र आपल्याच रखवालदाराला चुकवीत असतो.